आरसा वर जातो तेव्हा

सर्जेकोट, मालवण
११ जानेवारी २०२६

सलोनी,

मायन्यालाच अडकले. ‘चि. सौ. सलोनी’ एवढं लिहिलं आणि कागद चुरगळला. ‘सौ.’ घातलं तर तू म्हणणार, म्हातारी अजून हेका सोडत नाही. गाळलं तर माझाच हात धजत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे, तेवढ्यावर चालवून घे.

तुझ्या वकिलांचा कागद पोचला. ‘माझा मुलगा नितेश होडी घेऊन समुद्रात गेला, त्यास सात वर्षे उलटून गेली. या काळात मी त्याला पाहिलेले नाही व त्याच्याविषयी काही ऐकलेले नाही.’ खाली माझ्या सहीसाठी पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे, जशी काही मला जागा सापडणारच नाही. अंगणवाडीत उभा जन्म सह्या करण्यात गेला माझा. सोबत तुझी चार ओळींची चिठ्ठी. ही सही झाली की कोर्ट नितेशला मृत मानेल आणि तुला दत्तप्रसादशी रीतसर लग्न करता येईल.

लग्नाला माझी ना नाही. तुला हे खोटं वाटेल. लिहिताना मलाही थोडं खोटंच वाटलं, पण पुन्हा वाचल्यावर पटलं. तू तरणी आहेस. कोल्हापुरात त्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांना नंबर लावतेस आणि संध्याकाळी एकटीच्या खोलीवर जाऊन कुकर लावतेस, ते काय मला कळत नाही?

पण सही करता येत नाही, कारण ती खोटी सही होईल. मी नितेशला पाहिलं आहे.

लगेच धोंडूभाऊजींना फोन लावू नकोस. माझं डोकं ठिकाणावर आहे. तो घरी आला नाही, दारात उभा राहिला नाही. तो फोटोत आला.

तुझ्या सवती अजून घरात आहेत. नितेशच्या कॅमेऱ्यांना तूच हे नाव ठेवलं होतंस. कुडाळ, सावंतवाडी, देवगड, जिथं म्हणून जुना स्टुडिओ बंद पडला तिथून त्यानं उचलून आणलेले झेनिट, याशिका आणि ते विटेसारखं जड पेंटॅक्स. तांदळाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवले आहेत, आत भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या. नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत लेन्सला बुरशी धरते. दर रविवारी एकेक बाहेर काढून त्याचं शटर उडवते, कारण नुसतं बसून राहिलं की जाम होतं. तू घर सोडलंस ते या खटखटीला कंटाळून, असं धोंडूभाऊजी सगळ्यांना सांगतात. दीर असले तरी त्यांना आमच्या घरातलं काही कळत नाही. तू गेलीस, कारण तुला नितेशचे दिवस करायचे होते आणि मी करू दिले नाहीत.

असो. दिवाळीनंतर मी पेंटॅक्समध्ये फ्रिजमधला एक रोल भरला. कृष्णधवल, त्यानंच मोठ्या रिळातून कापून डब्यांत भरून ठेवलेल्यांपैकी. अंगण, जेटी, वाळत घातलेली सुंगटं-मासळी असं काहीबाही काढलं. परवा रोल धुतला. निगेटिव्ह उजेडात धरली, तर आपल्या उंबऱ्यावर नितेश बसलेला.

तो आरशाचं सांगायचा, आठवतं? ‘आये, बटान दाबला काय आतलो आरसो वर जाता. फोटो निघता तेवढ्या टायमाक तुका काय्येक दिसना नाय.’ म्हणजे बाकी सगळा वेळ कॅमेरा दाखवत राहतो आणि ज्या क्षणाचा फोटो येतो नेमका तोच काढणाऱ्याला दिसत नाही. तेवढ्यात कोण येऊन बसतं, कोण उठून जातं, मला काय ठाऊक?

वकिलांचा कागद जपून ठेवला आहे. फाडलेला नाही, एवढं त्यांना सांग.

मथुरा
(आई म्हणायचं की नाही, ते तू ठरव.)


सर्जेकोट
२४ जानेवारी

सलोनी,

तुझा निरोप फोनवर आला. ‘फोटो पाठवा.’ एवढंच. खुशाली नाही, नमस्कार नाही. चष्म्याच्या दुकानात शब्दांचेही पैसे पडतात काय गं?

फोनने फोटोचा फोटो काढून पाठवणार नाही. तो मला उष्टा वाटतो. एन्लार्जर अजून चालतो, न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून मी तीन प्रिंट काढले आहेत. पाठवीन. आधी काय आहे ते सांगते, म्हणजे एकदम बघून तुला धक्का बसायला नको.

पहिल्यात आपला उंबरा. त्याच्यावर तो बसलाय, चौकड्याचा शर्ट, बाह्या वर केलेल्या. अंगातून पलीकडची कडी दिसते. दुसऱ्यात जेटीवर धोंडूभाऊजी जाळं शिवत बसलेत आणि त्यांच्या डोक्यावर, आभाळ असायला हवं तिथं, नितेशचा चेहरा. एवढा मोठा की डाव्या डोळ्यात एक होडी नांगरलेली आहे. तो हसतोय. तसं हसताना मी त्याला क्वचित पाहिलं असेल, खट्याळ आणि जरासा लाजलेला. तिसऱ्यात त्याचा हात आहे, बोट पुढे केलेलं. माझ्याकडे.

धोंडूभाऊजींना दाखवले. आधी चष्मा पुसला, मग फोटो पुसला.

‘वयनी, ह्या बरा नाय. त्याका गती नाय गावली म्हणान तो फिरता. आता तरी पुतळो करून त्याका वाटेक लावया.’

‘गती नाय गावली कारण तो गेलोच नाय,’ मी म्हटलं.

‘होडी मियां बगलंय, वयनी. देवगडाक पालथी पडली होती. दर्यान घेतल्यान त्याका. तुमी आणखी किती वाट बघतलास?’

त्यांना मी घराबाहेर काढलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा काही दोष नाही, पण ‘पुतळो’ हा शब्द मला सहन होत नाही. दर्भाचं बाहुलं करायचं, त्याला नितेश म्हणायचं आणि जाळायचं. माझा मुलगा मी गवताचा नव्हता केला.

तेव्हापासून पेंटॅक्स तिपाईवर लावून उंबऱ्यासमोर ठेवलंय. सकाळी, दुपारी, येता-जाता बटण दाबते. काही विचारायचं असेल तर आधी विचारते आणि मग दाबते. शेजारच्या सुशीलाबाई पापड द्यायला आल्या तेव्हा मी उंबऱ्याशी बोलत होते. पापड कट्ट्यावर ठेवून त्या तशाच मागे फिरल्या. दुपारी डब्यात झेनिटचं शटर आपणहून उडालं. घरात कोणी नव्हतं. रविवारी मी सेल्फ टायमरचा खटका ओढून तसाच विसरले असेन आणि तो आत कुठे अडकून राहिला असेल. असंच झालं असेल. पण मी डबा उघडला नाही, बाहेरूनच ‘काय रे?’ म्हटलं.

नंतरचे दोन रोल धुतले. उंबरा आला. नुसता उंबरा.

तू मला खरं सांग, तुझ्या खोलीवर कधी असं काही होतं का? नसेल होत तर माझ्यावर हसू नकोस. होत असेल तर दत्तप्रसादला सांगितलं आहेस का?

मथुरा


सर्जेकोट
३ फेब्रुवारी

सलोनी,

तुझा दत्तप्रसाद येऊन गेला. तू पाठवलास की आपल्या मनाने आला, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही.

कोल्हापुरी गुळाची ढेप घेऊन आला होता. घाटातल्या वळणांनी तोंड उतरलेलं, तरी चप्पल दारात नीट जोडून ठेवली. मसुऱ्याचा म्हणजे आपल्यातलाच, बोलतोही आपल्यासारखा. ‘काकी’ म्हणाला. मी ‘बस हंय’ म्हटलं, तर पेंटॅक्सच्या समोरून, उंबऱ्याच्या कडेनं, अंग चोरून आत आला. उंबऱ्यावर पाय पडू दिला नाही. तू त्याला सांगून ठेवलं असशील, नाहीतर त्याला आपणहून कळलं असेल. दोन्हीचा मला सारखाच राग आला.

सहीचा विषय त्यानं काढला नाही. म्हणून मीच प्रिंट काढून त्याच्या हातात दिले. मनात खोट होती, लपवत नाही. म्हटलं, कुणाच्या जागेवर बसायला निघालायस ते एकदा नीट बघून घे.

बराच वेळ बघत राहिला. घाबरला नाही. खोटंखोटं हळहळला नाही. म्हणाला, ‘सलोनीकडे नितेशचो येकच फोटो आसा, आधार कार्डावरचो. तेच्यात ते असे दिसनत नाय.’ ‘ते’ म्हणाला नितेशला.

मग उंबऱ्याचा प्रिंट घेऊन अंगणात गेला. मी फोटो काढायला जिथं उभी राहते तिथं उभा राहिला. एकदा फोटोत बघायचा, एकदा घराकडे. मी चहा टाकला होता, तो उतू गेला.

‘काकी,’ तिथूनच त्यानं विचारलं, ‘ह्यो माड खंय आसा?’

‘खयचो माड?’

‘ह्यो काय. नितेशच्या पाठसून वर गेलेलो. टाकीच्या आरपार दिसता.’

धोंडूभाऊजींनी परसात निळी पाण्याची टाकी बसवली आहे, दोनेक वर्षं झाली. फोटोत टाकी आहे आणि तिच्या पोटातून माडाचा बुंधा सरळ वर गेला आहे. इतके दिवस तो प्रिंट मी उशाशी ठेवते आणि मला तो दिसला नव्हता. मी फक्त नितेशला बघत होते.

‘तोडलो,’ मी म्हटलं.

‘कधी?’

‘तुका कित्याक होयो? झाली मा चौकशी? आता जा.’

गेला बिचारा. चहासुद्धा न घेता गेला. मसुऱ्याच्या एसटीला वेळ होता, तोवर कोपऱ्यावर उन्हात उभा असलेला मला खिडकीतून दिसत होता. बोलवावंसं वाटलं. बोलावलं नाही.

माड आम्ही तोडला नव्हता. तुला माहीत आहे. आज आणखी लिहवत नाही.

मथुरा


सर्जेकोट
८ फेब्रुवारी

सलोनी,

यासोबत तीन प्रिंट आणि निगेटिव्ह पाठवत आहे. आधी हे वाच, मग पाकीट उघड.

तो माड नितेश गेला त्याच दिवशी पडला. ज्या वाऱ्यानं होडी पालथी केली त्याच वाऱ्यानं. संध्याकाळी सगळे जेटीवर ओरडत होते, आणि परसात तो कधी आडवा झाला ते कुणाला ऐकूही आलं नाही. म्हणजे फोटोत माड उभा असेल तर नितेश त्या दिवसाच्या आतला आहे. आत्ताचा नाही.

रोल एकदा काढलेला होता. मी त्याच्यावर दुसऱ्यांदा काढलं.

एवढंच आहे. भूत नाही, येणं-जाणं नाही. एका फिल्मवर दोन वेळा उजेड पडला. दोन फोटोंच्या मधली रिकामी पट्टी माझ्या जेटीच्या फोटोत एका कडेशी उभी आहे, आणि ती मी निगेटिव्ह धुतली त्याच दिवशी पाहिली होती. नितेशनं मला ती पट्टी कधीच ओळखायला शिकवली होती. मी प्रिंट काढताना ती बाजू जराशी झाकली. मुद्दाम झाकली की हात आपोआप गेला, मला सांगता येणार नाही.

आता चूक कशी झाली ते ऐक, कारण तू त्या रोलसाठी घरभर शोधाशोध केली होतीस. लोक रोल संपला की पूर्ण गुंडाळून घेतात, फिल्मचा बाहेर राहणारा तुकडा, तिची जीभ, डबीच्या आत जाते. जीभ बाहेर म्हणजे रोल कोरा, अशी सगळ्या जगाची खूण. आपला नितेश जगावेगळा. त्याला रोल घरीच धुवायचा असायचा, मग अंधारात डबी फोडायला नको म्हणून कॅमेऱ्याला कान लावून गुंडाळायचा आणि जीभ बाहेर असतानाच थांबायचा. काढलेला रोल ओळखू यावा म्हणून जिभेचं टोक दुमडायचा. त्या दुपारी त्यानं रोल गुंडाळला आणि बाहेरून धोंडूभाऊजींची हाक आली, ‘नितेश, वारो वाढता हा, जाळी काढून घे रे!’ तो तसाच उठला. टोक दुमडायचं राहिलं. ती हाक धोंडूभाऊजी अजून मनाला लावून घेतात. पुढच्या दिवसांत कधीतरी मी टेबल आवरलं. डबी दिसली, जीभ बाहेर, टोक सरळ. म्हटलं कोरा आहे, खराब नको व्हायला. फ्रिजमध्ये कोऱ्यांच्यात ठेवला.

तू विचारत होतीस, आई, दुपारचा रोल कुठे गेला? मी म्हणत होते, तो आला की विचार त्यालाच.

सलोनी, तो रोल तू काढलेला आहेस. उंबऱ्याचा फोटो नीट बघ, त्याचं कपाळ वरून कापलं गेलंय. दुसऱ्यातही केस नाहीत. सगळ्यांची डोकी कापायचीस तू, आणि तो चिडवायचा, सलोनीच्या हातात कॅमेरा दिला की मुंडकं गेलंच म्हणून समजा. पुढे केलेलं बोट माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. फोकसची कडी कुठे फिरवायची ते तो तुला दाखवतोय.

आणि ते हसू. मी महिनाभर त्या हसण्याला उत्तरं देत होते. जेवलास का विचारत होते. समोर तू होतीस. आईकडे बघून कोणी तसं हसत नाही, आणि ते कळायला मला परक्या माणसानं अंगणात उभं राहून माड विचारावा लागला.

मला तुझा हेवा वाटला. भयंकर वाटला. पोटचा पोर, दर्यावर जाण्याआधी शेवटचं जे हसला ते तुझ्यासाठी, आणि मी त्याच्यावर सुंगटं आणि जाळी काढून ठेवली. ते फोटो आता कधीच स्वच्छ होणार नाहीत. काल दिवसभर मी डब्यांना हात लावला नाही, स्वयंपाक केला नाही. जमिनीवर बसून मोठ्यानं रडले. त्याच्या नावानं अशी रडलेच नव्हते मी, कारण रडले असते तर तो गेला असं झालं असतं.

संध्याकाळी भिंतीवरून धोंडूभाऊजींनी विचारलं, ‘वयनी, जेवलास?’ मी म्हटलं, ‘भावजी, तो गेलो हो.’ ते भिंत ओलांडून आले आणि माझ्यासारखेच जमिनीवर बसले.

मी हे तुला कळवलं नसतं तर तुला कधी कळलं नसतं. दत्तप्रसाद माझ्या तोंडावर मला खोटं पाडणारा माणूस नाही. मला सही न करता राहता आलं असतं, आणि उंबऱ्यावर माझा नितेश राहिला असता. पण मग तू कुठं राहिली असतीस?

सात वर्षांत मी त्याला पाहिलेलं नाही. त्याच्याविषयी काही ऐकलेलं नाही. सही केली आहे. कागद वकिलांना रजिस्टर पोस्टानं वेगळा पाठवला.

निगेटिव्ह तुझी आहे, माझ्याकडे परत पाठवू नकोस.

आई


सर्जेकोट
२२ फेब्रुवारी

सलोनी,

तुझं पत्र आलं. पत्र! पाच पानी! मी सुशीलाबाईंना पाकिटाची जाडी दाखवून आले. तू लिहिलंस की प्रिंट तू आणि दत्तप्रसादनं मिळून पाहिले आणि दोघंही रडलात. तो माणूस बरा आहे. त्याला सांग, काकींनी चहा राखून ठेवला आहे.

काल नितेशचे दिवस केले. धोंडूभाऊजींनी पुतळा बांधला, मी फार जवळ गेले नाही. पण शेवटी भटजी म्हणाले, आईनं हात लावायचा, तेव्हा लावला. दर्भ ओला होता, पेटायला वेळ लागला. तेवढा वेळ मी त्याच्याशी जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. वारं पडलेलं होतं, धूर सरळ वर गेला. घरी येऊन आंघोळ केली आणि गाढ झोपले.

उंबऱ्यासमोरची तिपाई उचलली आहे. रविवारी शटर उडवते, ते सोडणार नाही. यंत्रं आहेत ती, त्यांना आपल्या सुखदुःखाचं काय. तू माझ्या जिवाची काळजी लिहिली आहेस, एकटीनं वेडबिड लागेल म्हणून. लागायचं ते लागून गेलं. रात्री दार लावते आता. आधी लावत नव्हते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

कोर्टाचं झालं की तारीख धरणार म्हणालीस. धर. मुहूर्त फार लांबवू नका. तुझी आई असती तर तिनं तुला सजवून उभी केली असती. ती नाही, म्हणून तू बिचकत बिचकत विचारलंस, ‘आई, तुम्ही याल का? लोक काय म्हणतील?’ लोकांनी काय म्हणायचं ते माझ्यावर सोड. मी येणार. सून म्हणून तुला या घरात घेतलं होतं, लेक म्हणून पाठवीन.

फोटोवाला ठरवू नका. ठरवलाच असेल तर त्याला मागे उभा करा. फोटो मी काढणार, पेंटॅक्सवर. डोकी कापणार नाही, त्याची हमी. फ्रिजमधले राहिलेले रोल सगळे काढून टाकले, त्यांच्यातल्या एकाचाही मला भरवसा नाही. मुंबईहून नवा मागवला आहे. खोक्याला सील आहे, मी अजून फोडलेलं नाही. मांडवात तुझ्यासमोर फोडीन आणि तुझ्या डोळ्यांदेखत भरीन. तुम्ही दोघं नीट जवळ उभी राहा, मोकळेपणानं हसा. त्या रोलवर तुमच्याशिवाय कुणीही येणार नाही.

तुझी
आई